फक्त मेरिटवर चालणारा समाज न्याय्य असू शकतो का?

तुम्ही विचारलंय की वशिला, पैसा, घराणं, आरक्षण हे सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त गुणवत्तेवर माणसं निवडली, तर तो समाज न्याय्य होईल का. मी काही समाजशास्त्र शिकलेलो नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक लॅमिनेशनचं मशीन, आणि लाईट गेली की सगळं बंद. पण मे ते ऑगस्ट अख्ख्या तालुक्याचं मेरिट माझ्याच खुर्च्यांवर बसून जातं. बाकीचे मेरिट लिस्ट सुलट बाजूने बघतात, मला ती उलटीकडून दिसते, टाके, गाठी, लोंबलेले दोरे सगळं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. माणूस निवडायला मेरिट पाहिजेच, मला पोटाचं ऑपरेशन करायचं असेल तर मी पण डॉक्टरच्या हाताला काय येतं तेच बघणार, त्याच्या घरची परिस्थिती बघणार नाही. पण लिस्टमधे वर आहे म्हणून तो तेवढ्याच लायकीचा आणि खाली आहे तो तेवढाच नालायक, असं जे आपण पुढे जाऊन धरतो ना, तिथे माझं जमत नाही, कारण त्या नंबरात काय काय मिसळलेलं असतं ते मी स्वतःच्या हाताने टाईप करतो.

एक किस्सा सांगतो. मागे एक मुलगी आली, बाप कापूसवाला, तीन एकर कोरडवाहू. सीईटीला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेला, ९३ च्या वर परसेंटाइल. इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्ममधे तीनशेपर्यंत ऑप्शन, म्हणजे पसंतीच्या क्रमाने कॉलेजं, टाकता येतात, तिच्या बापाने चार सांगितले, ते पण एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असे. "पोरले दूर धाडनं नही भाऊ, जवळ शे तेच बरं शे." मी म्हटलं ठीक, बाहेर लाईन लागलेली, सर्व्हर रडतखडत चाललेला, मी चार टाकले आणि कन्फर्म केलं. आता नियम असा की पहिल्या फेरीत तुमचा एक नंबरचा ऑप्शन लागला की सीट ऑटो फ्रीझ होते, मग पुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी संपल्या. तिचं पहिल्याच फेरीत लागलं. बापाने पेढे वाटले, मला पण दिला.

त्याच आठवड्यात एक ८८ वाला पोरगा, ह्याचा काका पुण्याला. काकाने मागच्या वर्षीचे कटऑफ बघून, मोबाईलवर बोलत बोलत माझ्याकडून ६० का ६५ ऑप्शन क्रमाने भरून घेतले, आधी जरा आवाक्याबाहेरचे, मग बरोबरीचे, मग पडलेच तर खालचे. तिसऱ्या फेरीत त्याला पुण्याचं चांगलं नावाजलेलं कॉलेज लागलं. ह्यात कोणी चोरी केली नाही, वशिला लावला नाही, पोराचा पण काही दोष नाही. मेरिटप्रमाणेच झालं सगळं. फक्त त्या मेरिटमधे एका बाजूला काका होता आणि दुसऱ्या बाजूला मी होतो, आणि मी घाईत होतो.

हे सांगितलं की लोक म्हणतात अहो हा फॉर्मचा प्रॉब्लेम झाला, परीक्षा तर सगळ्यांना सारखीच ना. सारखी आहे खरी. धडगावकडून घाट उतरून पोरं येतात, सकाळच्या शिफ्टला साडेसातला सेंटरवर हजर राहायचं असतं, म्हणजे आदल्या रात्रीच नंदुरबारला नाहीतर धुळ्याला पोचायचं, मग झोपायचं कुठे? परीक्षेआधी मी दोन-तीन पोरांना फुकट कॉम्प्युटरवर बसू देतो. एक पोरगा, फिजिक्स तोंडपाठ, बाण सरकवत सरकवत माउस टेबलाच्या कडेला आला आणि तो थांबला. माझ्याकडे बघतोय. माउस उचलून परत मधे ठेवायचा आणि पुन्हा सरकवायचा, हे त्याला माहीतच नव्हतं, त्याला वाटलं मशीन बिघडलं. पाच सेकंदात शिकला हो, अक्कल होतीच. पण ते पाच सेकंद त्याला माझ्या दुकानात मिळाले म्हणून, नाहीतर परीक्षेच्या हॉलमधे घाबरून किती वेळ गेला असता सांगा.

हे काय आजचं नाहीये. इंग्रजांनी १८५५ ला आयसीएसची, म्हणजे इथले बडे सरकारी अधिकारी निवडायची, खुली स्पर्धा परीक्षा सुरू केली, वशिला बंद, पेपर सगळ्यांना एकच. पण घ्यायची लंडनला. १८६३ मधे सत्येंद्रनाथ टागोर पास झाले, पहिले भारतीय. पुढे १८७८ पासून वयाची अट २१ वरून १९ वर आणली, म्हणजे इथल्या पोराने शाळकरी वयातच समुद्र ओलांडायचा. परीक्षा भारतात पण घ्या म्हणून दादाभाई नौरोजींसारख्या लोकांनी किती वर्षं डोकं आपटलं, आणि ती इथे व्हायला १९२२ उजाडलं. पेपर तपासणाऱ्याने एक मार्क सुद्धा अन्यायाने कापला नसेल. आमच्या धडगावच्या पोराचं लंडन म्हणजे धुळे, एवढाच काय तो फरक.

आता आरक्षणाचं, कारण तुमच्या प्रश्नात ते वशिल्याच्या शेजारीच बसवलंय. पहिली गोष्ट, त्या जागांना पण मेरिट लिस्टच असते, चिठ्ठ्या टाकून देत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे व्हॅलिडिटी. अनुसूचित जमातीच्या पोराला जात पडताळणीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, सगळ्यात चालणारा पुरावा म्हणजे आजोबाचा नाहीतर पणजोबाचा शाळेचा दाखला. बरं, ज्याचा आजोबा कधी शाळेत गेलाच नाही त्याने काय आणायचं? जमीन म्हणाल तर जंगलातली, वनहक्काचा पट्टा २००६ च्या कायद्यानंतरचा. म्हणजे ज्याच्या घरात तीन पिढ्या पाटी नव्हती, त्यालाच पाटी नव्हती हे पाटीवर लिहून दाखवायचं. घरात एकाची व्हॅलिडिटी झाली की पुढच्यांचं पटकन होतं, मरतो तो पहिला. माझ्याकडे आलेल्या एकाची शेवटी झाली, पण वर्ष गेलं. (आणि उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल मला बोलायला लावू नका, दाखल्यावरचं उत्पन्न आणि दारातली गाडी यांची गाठ मी रोज घालतो.)

मग कोणीतरी डॉ. राजेंद्र भारुड यांचं नाव काढतं, काढलंच पाहिजे. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले, वडील जन्माआधीच गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. डॉक्टर झाले, मग आयएएस, आणि आमच्याच नंदुरबारला कलेक्टर म्हणून आले, कोरोनात ऑक्सिजनचे प्लांट उभे केले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण हे उदाहरण देणारे मधलं नवोदय विद्यालय गाळून टाकतात. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून सरकारने त्या शाळा मुद्दाम काढल्या, राहणं-जेवण-पुस्तकं फुकट, किमान ७५ टक्के जागा खेड्यातल्या पोरांना. प्रवेश परीक्षा तिथे पण असते, पण आधी कोणीतरी खेडं बघून दार उघडलं, मग आतल्या पोराचं मेरिट दिसलं.

मेरिटोक्रसी, म्हणजे फक्त मेरिटवर चालणारा समाज, हा शब्द लोक फार कौतुकाने वापरतात. तो गाजवला मायकल यंग नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, १९५८ मधे एका पुस्तकातून, आणि ते पुस्तक चक्क टिंगल करायला लिहिलेलं होतं, की असा समाज झाला तर वरचे माजतील आणि खालच्यांना वाटेल आपण खरंच कुचकामी. लोकांनी टिंगल सोडली आणि शब्द उचलला. बिचारा यंग २००१ मधे तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना पेपरातून सांगत होता, बाबा तो शब्द वापरू नको.

मला त्यातलं खालच्यांचंच जास्त पटतं, कारण इथे ते दिसतं. दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, बुडाशी साखर जास्त असते, चार बोटं वर तोडला तरी मुकादम बोंबलतो. एक दिवस कोयता धरून बघा म्हणावं मेरिटवाल्याने, दुपारपर्यंत हात सोलून निघतील. ते कौशल्य नाही का? आहे, पण त्याची सीईटी नाही. आणि त्यांचं पोर त्यांच्याबरोबर फडात असतं, एप्रिलमधे परत येतं, तोवर शाळेत परीक्षा लागलेली असते.

म्हणून तुमच्या प्रश्नात मी आधी हे विचारीन की लिस्टमधे ज्याचं नाव आलंच नाही त्याला तुमच्या समाजात काय मिळणार. त्याला नीट मजुरी, दवाखाना आणि पोरासाठी बरी शाळा मिळत असेल, तर वर कोण बसलं ह्याने मला एवढा फरक पडत नाही. ते नसेल तर परीक्षा कितीही चोख घ्या.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला येते, दादा म्हणते. त्या वर्षीचे कटऑफ मी नंतर एका रात्री बसून बघितले होते, तिला कुठे कुठे लागलं असतं ते मला माहीत आहे. तिला सांगितलेलं नाही. तिचा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे, त्याला म्हटलं बापाला घेऊन दुपारी ये, गर्दी नसते तेव्हा, दोन तास लागतील. फॉर्मचे दोनशे घेतो मी, त्याच्याकडून ह्या वेळी घेणार नाही.