स्वतंत्र झाल्यावर काही वसाहतींची राज्ययंत्रणा का कोसळली?

मुख्य कारण असे, की परकीय सत्तेने तेथे खनिजे आणि कर ओढून नेणारी यंत्रणा उभारली, पण ती चालवू शकतील अशी स्थानिक माणसे घडवलीच नाहीत. धुळ्यात राज्यशास्त्र शिकवताना मी काँगोचे उदाहरण देतो: ३० जून १९६० रोजी बेल्जियमने सत्ता सोडली तेव्हा सैन्यात एकही काँगोली अधिकारी नव्हता, आठवडाभरात सैनिकांनी बंड केले आणि ११ जुलैला तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत फुटून निघाला. याउलट आपल्या खानदेशात १९४७ साली इंग्रज गेले, तरी मामलेदार आणि तलाठी इथलेच असल्याने शेतसाऱ्याची वसुली व गावदप्तरातील नोंदी चालू राहिल्या. जमातींच्या भांडणांकडे बोट दाखवणे सोपे आहे (वर्तमानपत्रांना ते आवडतेही), परंतु बहुतांशी एकच भाषा आणि एकच धर्म असलेला सोमालियाही १९९१ मध्ये सियाद बर्रेची राजवट उलथल्यावर कोसळला. अर्थात वसाहतीचा वारसा सर्वत्र निर्णायक ठरला असे नाही. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या बोट्सवानात शिकलेली माणसे मोजकीच होती, तरीही हिऱ्यांचे उत्पन्न सरकारी तिजोरीत जाऊन शाळा-रस्त्यांवर खर्च झाले आणि निवडणुका नियमित होत राहिल्या.