एखाद्यावर विश्वास ठेवला नाही, की तो लगेच ‘एपिस्टेमिक इनजस्टिस’, म्हणजे जाणता माणूस म्हणून त्याच्यावर अन्याय, होतो का?

नाही. तसं असतं तर न्यायाधीश आणि डॉक्टर दिवसभर अन्यायच करत बसले असते. तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी 2007 च्या ‘एपिस्टेमिक इनजस्टिस’ या पुस्तकात याचे दोन प्रकार सांगितले आहेत, आणि पहिल्यासाठी अट स्पष्ट घातली आहे: बोलणाऱ्याचा शब्द कमी धरला गेला पाहिजे, आणि त्यामागे तो कोण आहे याबद्दलचा पूर्वग्रह असला पाहिजे. लाजाळू माणूस नजर चुकवत बोलला आणि तुम्हाला खोटारडा वाटला, तर तुमचा अंदाज चुकला, इतकंच.

पूर्वग्रह कसा काम करतो हे पाहायला आपल्याकडचा मथुरा खटला घ्या (हे उदाहरण फ्रिकर यांचं नाही, माझं). 1972 साली देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवलं, वर तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचा शेरा मारला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र निमूट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणत शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली, कारण अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा केल्याचं दिसत नव्हतं. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, समोर वर्दीवाले. तिथे गरीब पोरीने ओरडायचं कुणाला? 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून नेमकं हेच विचारलं. 1983 ची कायदादुरुस्ती मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. कोठडीतला संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं बाईने कोर्टात सांगितलं, तर कोर्टाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं. विश्वास कुठून सुरू करायचा, ती जागाच कायद्याने हलवली.

फ्रिकर यांचा दुसरा प्रकार वेगळा. तिथे अनुभव असतो, पण तो मांडायला समाजाकडे चौकटच नसते. त्यांनी दिलेलं उदाहरण कारमिता वूड यांचं. त्या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात नोकरीला होत्या. एका प्राध्यापकाच्या अंगचटीला येण्याने त्या इतक्या हैराण झाल्या की लिफ्ट टाळून जिन्याने जायच्या, आणि शेवटी नोकरी सोडली. बेकारी भत्त्याच्या अर्जात कारण विचारलं, तेव्हा ‘वैयक्तिक’ असं नोंदवलं गेलं. भत्ता नाकारला. 1975 मध्ये त्या आणि इतर बायका एकत्र बसल्या तेव्हा ‘सेक्शुअल हॅरॅसमेंट’ हे नाव पुढे आलं.

इथे मात्र मला फ्रिकर यांचं सगळं पटत नाही. चौकट नसल्यामुळे वूडना स्वतःलाही आपला अनुभव नीट उमगत नव्हता, असं त्या म्हणतात. वूडना आपल्यावर काय बेततंय हे पक्कं कळत होतं, नाहीतर जिना कशाला चढल्या असत्या? अडत होतं ते भत्ता देणाऱ्यांचं. तत्त्वज्ञ गेल पोलहाउस यांनी 2012 च्या लेखात हाच मुद्दा धरला: सोसणाऱ्यांकडे समज असते, सत्तेत असलेले ती जाणूनबुजून उचलत नाहीत.

पुस्तक वाचणार असाल तर पहिलं आणि सातवं प्रकरण आधी उरका. मधला सद्गुणांचा भाग जरा जड जातो, आणि तो नंतर वाचला तरी चालतं.