‘जोडा’ म्हणजे नेमकं काय करा?

प्रश्न असा आहे: घरी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर तयार करू पाहणाऱ्यांसाठी मराठीत माहिती लिहिताना सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा), स्लॉट (रॅम किंवा कार्ड बसतं ती लांबट जागा), हेडर (मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य पाटीवर, उभ्या असलेल्या पिनांचा गट), कनेक्टर (केबलचं टोक) यांना काय म्हणावं? ‘खाच’ आणि ‘जोडणी’ या दोन शब्दांवर भागेल का?

नाही भागणार. आधी ‘जोडणी’ पाहू. सुटे भाग एकत्र आणून यंत्र उभं करणं म्हणजे जुळणी. छापखान्यातल्या ‘अक्षरजुळणी’तला हा शब्द आपल्या चांगला ओळखीचा आहे. केबल लावणं ही जोडणी. म्हणून ‘कॉम्प्युटरची जुळणी’ आणि ‘पंख्याची जोडणी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला दोन कामं वेगळी दिसतात.

‘खाच’ हा शब्द मात्र राखून ठेवायला हवा, कारण एका जागी त्याची फार गरज आहे. रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडेला जो छेद असतो, ती खाच. स्लॉटमध्ये तिच्या समोर उंचवटा असतो. रॅमच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन पिढ्यांच्या डेस्कटॉप पट्ट्यांत २८८ संपर्कबिंदू असतात, पण खाचेची जागा वेगळी असते. त्यामुळे एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. स्लॉटलाच खाच म्हटलं तर ‘खाच खाचेत बसवा’ असं वाक्य तयार होतं, आणि ते कुणालाच कळणार नाही. ‘पट्टीची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आणा’ हे कळतं.

सॉकेटची गंमत वेगळी. शाळेच्या पुस्तकात खांद्याचा सांधा ‘उखळीचा’ असतो, डोळा ‘खोबणीत’ असतो. दोन्ही शब्द खोलगट जागेचे आहेत. आजच्या प्रोसेसरचं सॉकेट तसं नाही. एएमडी कंपनीच्या एएम५ सॉकेटमध्ये १७१८ बारीक, स्प्रिंगसारख्या पिना वर आलेल्या असतात आणि प्रोसेसरच्या पोटाला फक्त सपाट सोनेरी टिकल्या असतात. इंटेलच्या एलजीए १७०० मध्येही असंच. एएमडीच्याच आधीच्या एएम४ मध्ये उलट होतं: १३३१ पिना प्रोसेसरला आणि भोकं सॉकेटला. म्हणून ‘प्रोसेसरच्या पिना जपा’ हे वाक्य एएम४ साठी बरोबर आणि एएम५ साठी चूक आहे. तिथे जपायच्या त्या मदरबोर्डच्या पिना. सॉकेट, स्लॉट, हेडर हे शब्द जसेच्या तसे ठेवा. मदरबोर्डच्या पुस्तिकेत आणि दुकानात तेच सापडतील. ‘हेडर’ला कोशातून ‘शीर्षलेख’ उचलू नका, तो पानाच्या माथ्यावरचा मजकूर. अनेकवचन तेवढं मराठी वळणाचं करा: पिना, पिनांची.

पण मला खरी अडचण नामांची वाटतच नाही. मराठी माहितीत सगळीकडे ‘जोडा’ हे एकच क्रियापद येतं, आणि हार्डवेअर बिघडतं ते तिथे. कुठे किती जोर लावायचा, हे मराठी क्रियापदं फार नेमकं सांगतात.

प्रोसेसर ‘ठेवायचा’. देवापुढे निरांजन ठेवावं तसा. कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून सरळ खाली सोडायचा, दाबायचा नाही, सरकवायचा नाही. एएम५ आणि एलजीए १७०० मध्ये दाबण्याचं काम वरच्या झाकणाचं आणि दांडीचं. दांडी लावताना जोर लागतो आणि करकर ऐकू येते, त्याला घाबरू नये.

रॅम ‘दाबून बसवायची’. चाप उघडून, खाच जुळवून, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून, खटका वाजेपर्यंत. इथे ‘ठेवा’ लिहिलं तर पट्टी अर्धवट बसते, पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून बहुधा दुसरा आणि चौथा स्लॉट. पुस्तिकेत एकदा पाहून घ्यावं.

एम.२ एसएसडी (माहिती साठवणारी पातळ पट्टी) ‘तिरपी सरकवायची’, साधारण ३० अंशांत, मग आडवी करून स्क्रूने ‘टेकवायची’. तिच्या मापाचा आकडा २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. स्क्रूखालचा छोटा खुंट त्या लांबीच्या भोकावर आहे ना, ते आधी बघा, नाहीतर पट्टी वाकते.

कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या बारीक वायरी ‘खोचायच्या’. पदर खोचावा तितक्याच जोराने. हा हेडर पाच-पाचच्या दोन ओळींचा, त्यात दहावी पिन नसते. नेहमीच्या मांडणीत ६ आणि ८ वर पॉवरचं बटण, ५ आणि ७ वर रीसेट, २ आणि ४ वर पॉवरचा दिवा, १ आणि ३ वर डिस्कचा दिवा. बटणं उलटी खोचली तरी चालतात. दिव्यांना अधिक-उणे असतं. दिवा लागला नाही तर वायर उलटवून खोचा.

नसलेल्या पिनेला मी ‘गाळलेली जागा’ म्हणेन. शाळेतला शब्द आहे, लगेच पोचतो. यूएसबी २.० चा हेडर आणि ऑडिओचा हेडर, दोन्ही नऊ पिनांचे. यूएसबीची गाळलेली जागा नववी, म्हणजे कोपऱ्यातली. ऑडिओची आठवी, कोपऱ्याच्या अलीकडची. ‘नऊ पिनांचा हेडर’ एवढंच लिहून म्हणूनच पुरत नाही.

वीजपुरवठ्याच्या केबलींना तर संख्येवरून कधीच ओळखू नये. प्रोसेसरची ४+४ आणि ग्राफिक्स कार्डची ६+२, दोन्ही ‘आठ पिनांच्या’. पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या ओळी एकमेकींच्या उलट बाजूला असतात. कनेक्टरच्या प्लास्टिकचे ठरावीक आकार चुकीची केबल अडवतात, पण जोर लावला तर ते हरतात. माहितीत ‘प्रोसेसरची केबल’ असंच लिहावं. कॅबिनेटमधल्या रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांचंही तसंच: चार पिनांचा आरजीबी हेडर १२ व्होल्टचा, तीन पिनांचा एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठेवता येणारा) ५ व्होल्टचा. पाचवाली पट्टी बारावर लावली की तिचे दिवे जळतात.

नव्या ग्राफिक्स कार्डांच्या सोळा पिनांच्या कनेक्टरसाठी ‘घट्ट’ हा शब्द पुरेसा नाही. अर्धवट बसलेला कनेक्टरही हाताला घट्ट लागतो. त्यातून ६०० वॉटपर्यंत वीज जाऊ शकते, आणि स्पर्श अपुरा असेल तर तो तापून वितळू शकतो. ‘फट दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला’ असं लिहावं. फट डोळ्यांना दिसते, घट्टपणा दिसत नाही.

उलटं काम करतानाही एकटं ‘काढा’ अपुरं पडतं. चोवीस पिनांचा कनेक्टर आधी खटका दाबून, मग डोकं धरून ‘उचलायचा’, वायरी धरून ओढायचा नाही. ग्राफिक्स कार्डाचे मागचे स्क्रू काढले तरी स्लॉटच्या टोकाचा चाप त्याला धरून असतो. तो आधी ‘सोडवायचा’, नाहीतर कार्डाबरोबर स्लॉटही उखडतो.