खाजनात खारं पाणी शिरल्यावर भातावर कॅल्शियम फवारलं तर झाडाला ‘सिग्नल’ जातो का?

नाही. फवारणीची बाटली विकणारा दुकानदार सांगतो त्या अर्थाने तर नाहीच. कॅल्शियम हा झाडाचा निरोप्या आहे हे त्याचं म्हणणं खरं आहे, पण तो निरोप्या बाटलीतून विकत मिळत नाही. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेताचा, बांध फुटून सरदाच्या (पावसाळी) भातात खारं पाणी घुसलंय, तेव्हा तुमच्या कामाचं कॅल्शियम मुळाशी, मातीत लागतं. तरी पेशीतला प्रकार आधी सांगतो, म्हणजे फवारणीचे पैसे का वाया जातात ते लक्षात येईल.

एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवा आणि त्यात डीएपीचं गाळलेलं पाणी ओता. द्रावण दुधासारखं गढूळ होतं आणि थोड्या वेळाने तळाशी पांढरा साका बसतो. तो कॅल्शियम फॉस्फेटचा. (ही दोन खतं एका पंपात घालू नका म्हणतात ते याचसाठी, नोझल तुंबतं.) पेशीचा तर सगळा व्यवहारच फॉस्फेटवर चालतो. आत कॅल्शियम मोकाट सुटलं तर तिथेही साकाच बसायचा. म्हणून पेशी आपल्या द्रवातलं मुक्त कॅल्शियम 100 नॅनोमोलच्या आसपास दाबून धरते. बाहेर पेशीभित्तिकेत आणि आत रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) मात्र ते मिलिमोलच्या घरात असतं, म्हणजे जवळपास दहा हजार पट. एवढा उतार असल्यावर दार क्षणभर किलकिलं झालं तरी आतली पातळी उसळते आणि पंप ती लगेच खाली आणतात. ती उसळी हाच निरोप.

खाऱ्या पाण्यात हे असं घडतं. सोडियम मुळाच्या पेशीपटलावरच्या जीआयपीसी नावाच्या मेदरेणूंना चिकटतो आणि कॅल्शियमचे मार्ग उघडतात. हा दुवा 2019 साली उलगडला. आत आलेलं कॅल्शियम एसओएस3 हे प्रथिन ओळखतं, ते एसओएस2 ला जागं करतं आणि एसओएस2 पेशीपटलावरच्या एसओएस1 ला कामाला लावतं. एसओएस1 सोडियम बाहेर फेकतं आणि बदल्यात प्रोटॉन आत घेतं. हे मुळात ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात सापडलं, पण भातातही याच जातीची प्रथिनं आहेत. निरोप एका पेशीत थांबत नाही. ॲराबिडॉप्सिसच्या मुळाच्या टोकाला मीठ लावलं तर कॅल्शियमची लाट सेकंदाला सुमारे 0.4 मिलिमीटर वेगाने पुढे सरकते, असं 2014 साली मोजलं गेलं. म्हणजे दहा सेंटिमीटर जायला चारेक मिनिटं.

आणि इथे नुसतं ‘कॅल्शियम वाढलं’ याला अर्थ नसतो. किती वाढलं, किती वेळ, कितीदा, यावर निरोप ठरतो. पर्णरंध्रांवर 2001 साली झालेल्या प्रयोगात कॅल्शियम कसंही चढवलं तरी रंध्रं तेवढ्यापुरती मिटली. पण ती मिटून राहिली फक्त ठरावीक अंतराने ठरावीक चढउतार दिल्यावर. आता पानावर बाटली ओतून हा ताल कसा साधणार?

फवारणीची दुसरी अडचण साधी आहे. कॅल्शियम जलवाहिनीतून पाण्याबरोबर वर चढतं, पण रसवाहिनीतून खाली जवळजवळ उतरत नाही. पानावर पडलेलं पानातच राहतं आणि मीठ तर मुळाशी आहे.

मुळाशी दिलेल्या कॅल्शियमची गोष्ट वेगळी. घेवड्याच्या रोपांना 50 मिलिमोल मिठाच्या पाण्यात ठेवून कॅल्शियम 3 मिलिमोलपर्यंत वाढवलं तर पानांत जाणारा सोडियम रोखला जातो, हे 1969 पासून माहीत आहे. घरी बघायचं तर अळसांद्याची (चवळीची) रोपं घ्या, भात नको. लिटरमागे 3 ग्रॅम मीठ दोन्ही बादल्यांत, आणि एकीत लिटरमागे 1 ग्रॅम जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मीठ साधं पिशवीतलं वापरा. मिठागराच्या मिठात स्वतःचं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, त्यामुळे फरक पुसट होतो. भातात बराच सोडियम पेशींच्या मधल्या फटींतून थेट वर जातो, तिथे पेशीपटलाची राखण चालत नाही. म्हणून भाताला कॅल्शियमचा फायदा कमीच मिळतो.

तेव्हा आधी मीठ धुवा. भगदाड तात्पुरतं बुजवा, पावसाचं पाणी शेतात दोन दिवस कोंडा आणि ओहोटीला मानशीतून (बांधातल्या पाणी अडवायच्या दारातून) सोडून द्या. मग पुन्हा भरा. चिखलातलं मीठ वरच्या पाण्यात हळूहळू उतरतं, त्यामुळे एकदाच भरपूर पाणी कोंडण्यापेक्षा चार-पाचदा भरून सोडणं बरं. मानशीची फळी कुजली असेल तर भरतीला तेच पाणी परत आत येतं. ती आधी तपासा, हे हमखास राहून जातं.

मोजताना वरचं पाणी मोजू नका. पावसाचं गोडं पाणी वर तरंगतं आणि मीटर खोटा दिलासा देतो. दहा सेंटिमीटर खालचा चिखल फडक्यातून पिळून त्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप) घ्या. भाताची मर्यादा साधारण 3 डेसीसायमेन्स प्रति मीटर. त्यापुढे दर 1 ला उत्पन्न अंदाजे 12 टक्क्यांनी घटतं. कोरगूट ही खाजनातली पारंपरिक जात किंवा जुन्या गोव्याच्या आयसीएआर केंद्राच्या खार सोसणाऱ्या ‘गोवा धान’ जाती यापेक्षा जास्त सोसतात.

जिप्समचा प्रश्न मीठ धुतलं जाऊ लागल्यावर येतो. मातीचं वाटाण्याएवढं सुकं ढेकूळ पेलाभर पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. दोन-तीन तासांनी भोवती दुधाळ वलय पसरलं, तर चिकणमातीवर सोडियम अजून बसलेला आहे. तिथे जिप्सम घाला, मात्रा माती तपासून ठरवा. ढेकूळ नुसतं विरघळून ढीग झालं आणि पाणी नितळ राहिलं तर जिप्सम नको. खाजनाची माती बहुधा आंबट असते आणि जिप्समने आम्लता उतरत नाही. सामू 5.5 च्या खाली असेल तर चुना लागेल, पण मीठ धुण्याच्या कामी चुना फारसा उपयोगी नाही, तो पाण्यात जेमतेम विरघळतो.

पुन्हा लावणी करायची वेळ आली तर 30 ते 35 दिवसांचा तरवा (लावणीची रोपं) घ्या, कोवळा नको. रोपावस्था आणि फुलोरा या दोन वेळी भात मिठाला सर्वांत हळवं असतं.