कुवेतचा पगार, खेडची ठेव

प्रश्न : माझे यजमान कुवेतला एसी दुरुस्तीचं काम करतात. वर्षातून दीड-दोन महिने सुट्टीवर येतात. दर महिन्याला माझ्या खात्यात पैसे पाठवतात. त्यातून मी माझ्या नावावर २० लाखांच्या मुदत ठेवी केल्या आहेत. दीर म्हणतात, गल्फचा पैसा माफ असतो. बँकेतला मुलगा म्हणतो, ३० टक्के कापतात. खरं काय? – एक भगिनी, खेड

उत्तर : ताई, दोघांनी अर्धंच सांगितलं. पैसा इकडे आणला म्हणून कर लागत नाही. माणूस वर्षात किती दिवस भारतात होता आणि पैसा कुठे कमावला, हे कायदा आधी बघतो. यजमान दोनच महिने येतात, म्हणजे १८२ दिवसांच्या खूपच आत, ते अनिवासी. (भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल, तर मर्यादा १२० दिवसांवर येते. तुम्हाला ती चिंता नाही.) कुवेतच्या पगारावर इथे कर नाही. तो तुम्हाला पाठवला, तर पतीने पत्नीला दिलेली भेट झाली, तीही करमुक्त.

खरी मेख तुमच्या ठेवींत आहे. पतीच्या पैशातून पत्नीच्या नावे ठेव केली, तर तिचं व्याज पतीच्या उत्पन्नात धरलं जातं. जुन्या कायद्यातलं हे ६४वं कलम. एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, हा नियम मात्र कायम आहे. सात टक्क्यांनी तुमचं व्याज होतं १ लाख ४० हजार. यजमानांचं इथे दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या करपद्धतीतल्या ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेत ते बसतं आणि कर शून्य होतो. पण घरभाड्यासारखं दुसरं उत्पन्न जोडलं की हिशोब बदलतो, कारण निवासी माणसाला मिळणारी करातली सूट (जुन्या कायद्यातलं कलम ८७अ) अनिवासीला नाही. ‘बारा लाखांपर्यंत काही नाही’ हे तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. ते यजमानांसाठी नव्हे. गंमत म्हणजे, व्याज पुन्हा गुंतवलंत, तर त्या व्याजावरचं व्याज तुमचं स्वतःचं उत्पन्न.

मग एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? यजमानांना स्वतःच्या नावे एनआरई खातं (परदेशातली कमाई ठेवायचं अनिवासींचं खातं) उघडायला सांगा आणि पुढच्या ठेवी त्यातच करा. ते अनिवासी असेपर्यंत त्या व्याजावर इथे कर नाही. तुमचं नाव दुसरं घालता येतं, आणि मुखत्यारपत्र दिलं तर घरखर्चाला पैसेही काढता येतात. बँकेतल्या मुलाचे ३० टक्के एनआरओ खात्याच्या (अनिवासीचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) व्याजाचे. वर उपकर धरून ३१.२. यजमानांचं जाण्याआधीचं इथलं साधं बचत खातं अजून तसंच चालू असेल, तर ते एनआरओत बदलून घ्या. फॉर्म भरायचा कंटाळा करून बरेच जण हे वर्षानुवर्षं टाळतात, आणि मला ते मुळीच पटत नाही. कायमचे परतले की एनआरईचं रूपांतर मात्र लगेच करायचं. तिथून व्याजाची माफी संपते.

प्रश्न : मुलगा परदेशी कंपनीच्या जहाजावर आहे. पगार थेट इथल्या एनआरई खात्यात येतो. ‘भारतात मिळाला’ म्हणून कर लागेल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. तो अनिवासी असेल आणि काम भारताबाहेर केलं असेल, तर पगार केवळ एनआरई खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होत नाही, असं प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या परिपत्रक क्रमांक १३ मध्ये स्पष्ट केलं आहे. दिवस मात्र मोजून ठेवा. सीडीसीवरचे (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) जहाजावर चढल्या-उतरल्याचे शिक्के आणि करारपत्र यांच्या प्रती घरी असू द्या. नोटीस आली तर तेच मागतात.