रविवार कुणाचा?

‘मावशी, मी ३७ वर्षांची, पुण्यात धायरीला राहते, बँकेत नोकरी. मुलगा सात वर्षांचा. नवरा आयटीत. दोघंही पळतो, सायकल चालवतो. आमची ओळखच एका राइडवर झाली. त्याची २०० किलोमीटरची बीआरएम झाली, म्हणजे ठरल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. आता ३०० ची तयारी चाललीये. मी सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय. रविवारी तो पहाटे चारला निघतो, म्हणून माझं पळणं मंगळवार ते शुक्रवार. साडेचारला उठते, सहाला परत, मग डबे. बुधवारी १४ किलोमीटर, गुरुवारी तळजाई टेकडीचे चढ. त्याच दिवशी माझा उपवास असतो, लग्नाआधीपासूनचा. मुलगा झोपला की रात्री दहाला गॅलरीत ट्रेनरच्या स्टँडवर जागच्या जागी सायकल. झोप पाच तास. एवढं करून वेळ सुधारत नाहीच, काउंटरवर डुलक्या येतात. सासूबाई म्हणतात, “एकाने तरी घरात थांबावं.” नवरा म्हणतो, “तुला कुणी अडवलंय का?” खरंच कुणी अडवलेलं नाही. उजवी नडगी दुखते, दोन महिने पाळी आलेली नाही, पण ते ताणामुळे असेल. यंदा पळणं सोडून देऊ का?
— डुलकीवाली’

डुलकीवाले,

पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तू शेवटी ढकललंस, तेही ‘असेल’ म्हणून गुंडाळून. मी तिथूनच सुरू करते.

आधी घरच्या घरी दिवस गेलेत का ते बघायची पट्टी लावून बघ. एका मुलाच्या आईला हे सांगायला नको, तरी सांगते. ती ‘नाही’ म्हणाली तर याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. पळणाऱ्या बाईची पाळी थांबते याला कारणं बरीच असतात, पण तुझं वेळापत्रक वाचून मला पहिली शंका येते ती ताटाची. श्रम वाढले आणि खाणं तेवढंच राहिलं की शरीर काटकसरीला लागतं, आणि पहिली कात्री बरेचदा पाळीला लागते. मग इस्ट्रोजेन घटतं आणि त्यापाठोपाठ हाडं कमजोर होऊ लागतात. अशा हाडावर आठवड्यातून चार दिवस आपटत राहिलं की नडगीला बारीक चीर पडते.

आता चप्पल काढ आणि नडगीच्या हाडावरून अंगठा वरून खाली दाबत ने. वीतभर पट्ट्यात बोथट दुखलं तर बहुधा स्नायूंची ओढ. रुपयाएवढ्या एकाच जागी कळ आली, तर पळणं आजपासून बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. नवी चीर साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही, तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल’ एवढं ऐकून उठून येऊ नकोस. एमआरआयचं विचार आणि पाळीचंही सांग. हाडवाल्यांना आपण ते सांगत नाही आणि ते विचारतीलच असं नाही.

गुरुवारचं बोलू. आदल्या दिवशी १४ किलोमीटर, सकाळी तळजाई आणि दिवसभर चहा-साबुदाणा! दत्तगुरूंनी एवढं मागितलेलं नाही गं. उपवास मोडायला मी सांगत नाही, मोडायचं ते गुरुवारचं पळणं. त्या दिवशी पायांनाही उपवास. आणि साबुदाण्याच्या जोडीला दूध, दही, दाणे, राजगिरा, रताळं पोटात जाऊ दे.

हे सगळं तू का करतेस? रविवार मिळत नाही म्हणून. तो मागायचा नाही, म्हणून तू झोपेतून आणि ताटातून कापून घेतेस.

‘तुला कुणी अडवलंय का’ हे वाक्य मीही ऐकलेलं आहे, पन्नाशीत सिंहगड चढायला लागले तेव्हा. अडवत कुणीच नाही. पण तो पहाटे चारला दार ओढून निघतो ते आत झोपलेल्या मुलापाशी तू आहेस म्हणून. बीआरएमचा नियम तुला माहीतच आहे: कंट्रोल, म्हणजे नोंद करायची ठरलेली ठिकाणं, वगळता वाटेत कुणी गाडी घेऊन मागे यायचं नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं. असा स्वावलंबनाचा खेळ खेळणाऱ्या माणसाची सपोर्ट गाडी धायरीत उभी आहे, डबे भरत. ३०० ला मुदत २० तासांची. म्हणजे शनिवार रस्त्यावर आणि रविवार पंख्याखाली. हा हिशेब त्याला सांग, पण भांडणाच्या सुरात नको. मला तर वाटतं, त्याने तो कधी मांडलाच नसेल.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्या ‘एकाने’ म्हणाल्या, ‘सुनेने’ नाही. बरोबरच आहे त्यांचं.

स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढ. तुझ्या बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, ते दोन शनिवार-रविवार तुझे. शनिवारी लाँग रन, रविवारी आठपर्यंत झोप, आणि त्या दोन्ही दिवशी नवरा घरात. पहिला आणि तिसरा त्याचा. पाचवा आला तर मुलाचा, त्यात सायकल नाही. दोन रंगांच्या पेनांनी आत्ताच लिहून ठेव, कारण सप्टेंबर म्हणजे गणपती-गौरींची धांदल, आणि त्यात पहिला बळी कुणाच्या पळण्याचा जातो ते आपण दोघी जाणतो.

नडगी धड निघाली आणि डॉक्टर हो म्हणाले, तर आठवड्यात तीनदा पळणं पुरे. एकदा सोबतिणीशी गप्पा मारता येतील इतकं सावकाश, एकदा चढ-उतार, एकदा लांब. उतार मुद्दाम म्हणते. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि तोच उतरून यायचं. धास्ती सगळे चढाची घेतात, मांड्यांचा भुगा होतो तो परतीच्या उतारावर. म्हणून तळजाईवरून चालत खाली येणं बंद कर, छोटी पावलं टाकत पळत ये. सायकल आठवड्यातून एकदा हलकी, उजेडात. रात्री दहाच्या ट्रेनरवर टॉवेल वाळत घाल.

चीर निघाली तर यंदाचा सातारा गेला. साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद राहील, चीर कुठे आहे त्यावर जास्तही. तेवढ्यात सायकल चालेल का ते डॉक्टरांना विचार. पुष्कळदा चालते, कारण तिथे हाडावर आदळआपट नसते. पळणं सोडायचं की नाही हा प्रश्न यात कुठेच येत नाही, म्हणून त्याचं उत्तरही देत नाही.

दवाखान्याच्या दिवशी रजा तू एकटीने टाकू नकोस, त्यालाही टाकू दे. मुलाला शाळेतून आणायला कुणीतरी हवं, आणि गाडी चालवायलाही. उजवाच पाय आहे ना?

— मावशी