म्हाताऱ्या कुत्र्याला कॅम्पर व्हॅनमध्ये चढायला-उतरायला कशी मदत करावी?

आपला लॅब्रेडॉर तेरा वर्षांचा आहे, त्याचे वजन ३२ किलो आहे, कॅम्परचा उंबरठा जमिनीपासून सुमारे ६० सेंटीमीटर उंच आहे आणि घडीच्या पायऱ्यांवर तो पाय ठेवायला तयार नाही, असे आपण लिहिले आहे. रॅम्प घ्यावा की त्याला उचलून ठेवावे, हा आपला प्रश्न आहे. माझी कुत्रीही उतारवयात माझ्याबरोबर अशाच गाडीतून फिरत असे, त्या अनुभवावरून सांगतो: रॅम्पच घ्यावा, मात्र तो पुरेसा लांब असावा, आणि चढण्याआधी उतरण्याची काळजी करावी.

कुत्रा चढताना अडतो, म्हणून ती अडचण आपल्या लगेच लक्षात येते. उतरताना तो स्वतःच उडी मारून मोकळा होतो, त्यामुळे तिथे सारे ठीक आहे असे वाटते. पण उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार एरवीही पुढच्या पायांवरच असतो, आणि खाली उडी मारताना तर सगळ्या शरीराचा दणका पुढच्या पंजांवर, कोपरांवर आणि खांद्यांवर बसतो. लॅब्रेडॉरमध्ये कोपराच्या सांध्यांचे दुखणे पुष्कळ आढळते, म्हणून आपल्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे आहे. रॅम्प येईपर्यंतही एक गोष्ट आजपासून करता येईल: दार उघडण्यापूर्वीच त्याला हार्नेस (छाती-पोटाभोवती बांधायचा पट्टा) आणि दोरी लावावी, म्हणजे दार उघडताच तो उडी घेणार नाही.

रॅम्प निवडताना बहुतेक जण तो किती वजन पेलतो हे पाहतात. ते पाहायलाच हवे, पण मी आधी लांबी पाहीन. ६० सेंटीमीटर उंचीला १२० सेंटीमीटर लांबीचा रॅम्प लावला तर चढ ३० अंशांचा होतो, आणि दुखऱ्या मागच्या पायांच्या कुत्र्याला तो चढणे अवघड आणि उतरणे त्याहून भीतिदायक असते. तोच रॅम्प १८० सेंटीमीटरचा असेल तर चढ २० अंशांच्या आत येतो. २१० सेंटीमीटरचा मिळाला तर आणखी चांगले. लांब रॅम्प जड असतो आणि गाडीत जागा अडवतो हे खरे आहे, परंतु आखूड रॅम्पवर कुत्रा मधूनच बाजूला उडी मारू लागला, तर तो आणण्याचा हेतूच उरत नाही. गाडी उभी करताना दारासमोरची जमीन किंचित उंच असेल अशी जागा निवडली आणि रॅम्पचे खालचे टोक त्या उंचवट्यावर टेकवले, तर चढ आणखी कमी होतो. हा फरक फुकट मिळतो, म्हणून मुक्काम करताना मी आधी तेच पाहत असे.

रॅम्पचा पृष्ठभाग रबरी असावा. खरखरीत कागदासारखा पृष्ठभाग पंजांच्या गाद्या सोलवटतो, आणि उघडे अॅल्युमिनियम उन्हात तापते व पावसात निसरडे होते. दोन्ही कडांना थोडी उंच पट्टी असावी आणि रुंदी ४५ सेंटीमीटरच्या आसपास असावी. वरचे टोक पट्ट्याने किंवा आकड्याने गाडीला पक्के अडकवावे, कारण पायाखाली रॅम्प एकदा जरी हलला तरी म्हातारा कुत्रा ते विसरत नाही आणि गेलेला विश्वास परत मिळवायला फार वेळ लागतो.

म्हणूनच सवय प्रवासाच्या आधी घरीच लावावी. रॅम्प प्रथम जमिनीवर सपाट पसरावा आणि आवडता खाऊ देत त्याला त्यावरून चालू द्यावे. मग एक टोक एका पायरीइतके उचलावे, आणि त्यावर तो निर्धास्त चालू लागल्यावरच गाडीला लावावे. ओढू नये, ढकलू नये. उतरण्याचा सराव वेगळा करून घ्यावा, कारण चढायला शिकलेला कुत्रा आपोआप उतरायला शिकतोच असे नाही.

घडीच्या पायऱ्यांची त्याला वाटणारी भीती रास्त आहे. त्या जाळीच्या आणि मागून उघड्या असतात, त्यांतून खालची जमीन दिसते, शिवाय त्याचा पूर्ण पंजा टेकायलाही तिथे जागा पुरत नाही. कुत्र्याचे मागचे पाय बऱ्यापैकी चांगले असतील, तर चारही पाय मावतील असा ३० सेंटीमीटर उंचीचा भक्कम चौथरा दारापाशी ठेवूनही काम भागते. आपल्या वर्णनावरून मात्र मला रॅम्पच योग्य वाटतो.

हार्नेस शक्यतो पुढे आणि मागे अशा दोन मुठींचा घ्यावा. मागची मूठ धरून फक्त तोल सांभाळावा आणि थोडा भार हलका करावा. गळपट्टा धरून वर ओढणे पूर्णपणे टाळावे. मुठींचा हार्नेस नसेल तर पोटाखालून रुंद टॉवेल घालता येतो, पण नर कुत्र्याच्या लघवीच्या जागेवर तो दाबला जाणार नाही हे पाहावे. कधी उचलावेच लागले, तर ३२ किलोंसाठी दोन माणसे हवीत: एकाने छातीभोवती हात घालावेत, दुसऱ्याने पार्श्वभागाखाली आणि मांड्यांमागे, आणि पाठ आडवी, सरळ राहील असे उचलावे. पुढचे पाय किंवा काखा धरून उचलल्यास खांद्यांना इजा होते.

दाराच्या आतही न सरकणारी चटई हवी, नाहीतर रॅम्प चढून आलेला कुत्रा गुळगुळीत फरशीवर घसरतो. नखे वेळेवर कापावीत आणि पंजांच्या गाद्यांमधले केस छाटावेत. लांबच्या प्रवासात झोपून त्याचे सांधे आखडतात, म्हणून दार उघडण्यापूर्वी त्याला आतच उभे राहू द्यावे, चार पावले चालू द्यावे. म्हाताऱ्या डोळ्यांना अंधारात रॅम्पची कड दिसत नाही, त्यामुळे रात्री दिवा लावूनच उतरवावे.

चढायला नकार देणे हे बहुधा वेदनेचे लक्षण असते, तेव्हा पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. वेदना आटोक्यात आल्यावर काही कुत्रे रॅम्पवर पुष्कळ सहज चालू लागतात. माणसांची आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलसारखी औषधे स्वतःहून मुळीच देऊ नयेत, ती कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. आणि मागचा पाय ओढत चालणे, पंजा उलटा पडणे किंवा मागचे पाय अचानक लुळे होणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याला रॅम्पवरून चालवू नये. सपाट फळीवर किंवा ताणून धरलेल्या जाड चादरीवर आडवे ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.